मग्दालीयेचा आवाज





गेल्या शनिवारी रात्री पास्काच्या मेणबत्तीमागून आपण अंधाऱ्या चर्चमध्ये आलो आणि प्रायश्चित्तकाळभर मुके ठेवलेले 'आल्लेलुया' पुन्हा गायले. विधी संपल्यावर गायनमंडळातल्या काही तरुणांनी आम्हांला विचारले, "फादर, मोठ्या शहरांत ऑर्केस्ट्राच्या साथीने ते जे प्रसिद्ध 'हल्लेलुया' गातात, ते नाताळचे की ईस्टरचे?" त्यांच्यात पैज लागली असावी असे दिसले. नाताळ म्हणणारे हरले.

ते हल्लेलुया 'मसाया' ह्या संगीतकृतीतले आहे. रचनाकार जॉर्ज फ्रिडरिक हँडेल, जन्माने जर्मन, पंथाने लुथरन, पुढे इंग्लंडचा रहिवासी. 'मसाया'चे तीन भाग आहेत. पहिल्यात संदेष्ट्यांची भाकिते आणि ख्रिस्तजन्म, दुसऱ्यात प्रभूचे दुःखसहन, मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण, तिसऱ्यात आपणा सर्वांच्या पुनरुत्थानाची आशा. हल्लेलुया येते ते दुसऱ्या भागाच्या शेवटी. म्हणजे गव्हाणीपाशी नव्हे, रिकाम्या कबरेच्याही पुढे. पहिला प्रयोग झाला तो आयर्लंडच्या डब्लिन शहरात, १३ एप्रिल १७४२ रोजी, पवित्र आठवड्याच्या मंगळवारी. ही कृती डिसेंबरात गाण्याची रीत मागाहून पडली.

पैजेचा निकाल लागला, पण आम्हांला विषय तिथेच सोडवेना. कारण ह्याच हँडेलने त्याआधी चौतीस वर्षे आणखी एक संगीतकृती खास ईस्टरसाठी रचली होती, आणि तीही आपल्या रोममध्ये. ती फारशी कोणाला ठाऊक नाही. तिच्या दोन दिवसांच्या प्रयोगात जे घडले ते ईस्टरच्या ह्या आठवड्यात सांगण्याजोगे आहे.

साल १७०८. हँडेल तेव्हा तेवीस वर्षांचा. पोपमहोदयांच्या त्या नगरीत त्या काळी सार्वजनिक ऑपेरावर बंदी होती. संगीताची आवड मात्र कोणाला सोडत नाही. रोममधले कार्डिनल आणि सरदार लोक मग आपापल्या महालांत 'ऑरेटोरिओ' करवून घेत. ऑरेटोरिओ म्हणजे पवित्र विषयावरचे संगीतनाट्य. त्यात पात्रे असतात, संवाद असतात, पण अभिनय आणि वेशभूषा नसते. गायकांनी आपल्या जागी राहून गायचे आणि श्रोत्यांनी डोळ्यांपुढे प्रसंग उभा करायचा. आपल्याला हे फार परके वाटू नये. त्याच्या शंभरएक वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. मराठी ओव्यांतून पवित्र पुस्तकातली कथा लोकांच्या कानांत उतरवायची हा त्यांचाही मार्ग होता. आपल्या पूर्वजांनी पुनरुत्थान आधी ऐकले, वाचले पुष्कळ नंतर.

मार्क्विस रुस्पोली नावाच्या सरदाराने १७०८ च्या ईस्टरसाठी हँडेलकडून 'ला रेझुरेत्सिओने', म्हणजे 'पुनरुत्थान', हे ऑरेटोरिओ लिहून घेतले. खर्चाला हात आखडला नाही. चाळीसहून अधिक वादक, आणि त्यांच्या पुढे व्हायोलिन घेऊन उभा साक्षात कोरेल्ली, त्या काळच्या इटलीतला सर्वांत नावाजलेला वादक. गीतांच्या पुस्तिका पंधराशे छापल्या. महालाच्या दालनात मंच बांधला आणि मागे मोठे चित्र रंगवून लावले. त्या चित्रात पुनरुत्थित प्रभू होता, कबरेवर बसलेला देवदूत होता आणि तो देवदूत मग्दालीया मरिया आणि क्लोपाची मरिया ह्या दोघींना शुभवार्ता सांगत होता.

कथा सुरू होते ती अधोलोकाच्या दाराशी. देवदूत येऊन दार उघडायला सांगतो आणि आत लुसिफर चिडून विचारतो, हा कोण आगंतुक? श्रद्धांगीकारात आपण दर रविवारी म्हणतो की प्रभू अधोलोकात उतरला. तो एवढासा शब्द आपण श्वास न घेता ओलांडून जातो. हँडेलने त्यातून तुताऱ्यांचा एक प्रवेशच उभा केला आहे. प्रभू खाली जातो तो बंदिवानांना बाहेर काढण्यासाठी. आणि तिकडे खाली हे युद्ध चाललेले असताना वर पृथ्वीवर दोन बायका रडत जागत बसलेल्या आहेत, त्यांना ह्यातले काहीच ठाऊक नाही. पहाट होते. कबर रिकामी सापडते. शेवटी मग्दालीया मरिया प्रभूला भेटून येते आणि ते सर्वांना सांगते.

ही मग्दालीया ८ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारी, गायली ती मार्गेरिता दुरास्तांती नावाची गायिका. रुस्पोलीच्या घरची नोकरीत असलेली, तरुण आणि कसलेली. प्रयोग उत्तम झाला. आणि मग पोप क्लेमेंट अकरावे ह्यांच्याकडून रुस्पोलीला कानपिचक्या आल्या. पवित्र विषयाच्या ऑरेटोरिओत एक बाई गायली! त्या काळच्या रोमच्या एका रोजनिशीत ही नोंद राहिली आहे. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या सोमवारी, तोच मंच, तेच वादक, मागे तेच चित्र. दुरास्तांती मात्र नव्हती. तिच्या जागी मग्दालीया गायला उभा राहिला एक पुरुष, एक 'कॅस्ट्राटो'.

कॅस्ट्राटो म्हणजे कोण, हे सांगणे सोपे नाही, पण टाळणेही बरोबर नाही. लहानपणी मुलाच्या शरीरावर शस्त्रक्रिया करून त्याचा आवाज फुटू द्यायचा नाही. मग तो मोठेपणी पुरुषाच्या छातीने आणि बाईच्या पट्टीत गातो. ख्रिस्तसभेच्या नियमाने ही शस्त्रक्रिया करणे पाप होते, करणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा होती. पण अशा रीतीने तयार झालेला गायक आला की त्याला गायनमंडळात घेत, खुद्द पोपमहोदयांच्या सिस्टाईन चॅपेलमध्येसुद्धा. तिथला ह्या जातीचा शेवटचा गायक १९२२ साली वारला. इतक्या जवळची ही गोष्ट आहे. म्हणजे देवाने दिलेला बाईचा गळा चालत नव्हता आणि माणसाने सुरी लावून केलेला गळा चालत होता. आम्ही ख्रिस्तसभेचे पुत्र आहोत, आईची उणी काढण्यात आम्हांला सुख नाही. पण जे होते ते होते.

क्लेमेंट पोपमहोदयांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्या काळी गायिका म्हणजे रंगभूमीवरची बाई, आणि रंगभूमीभोवती श्रीमंतांचे जे चाळे चालत ते सर्वांना ठाऊक होते. ईस्टरच्या दिवशी ते वारे पवित्र विषयात शिरू नये ही त्यांची काळजी खोटी नव्हती. आणि ही एकट्या रोमची रीतही नव्हती. जर्मनीत लायपझिगच्या लुथरन चर्चमध्ये १ एप्रिल १७२५ च्या ईस्टरला योहान सेबास्टियन बाखने आपली ईस्टरची कृती सादर केली. कबरेकडे निघालेल्या दोन मरिया तिच्यातही आहेत, आणि तिथेही त्यांची गाणी बायकांच्या वाट्याला आली नाहीत. ती मुलग्यांनी गायली.

पण शुभवर्तमान उघडून पाहिले की मनात एक विचार येतोच. संत योहान सांगतो, मग्दालीया मरिया कबरेबाहेर रडत उभी होती. तिने प्रभूला पाहिले आणि तिला तो माळी वाटला. डोळ्यांनी ओळख पटली नाही. प्रभूने तिला नावाने हाक मारली तेव्हा पटली, म्हणजे ओळख पटली ती आवाजावरून. आणि लगेच प्रभूने तिला धाडले ते सांगण्यासाठी. पेत्राला नाही, योहानाला नाही. ते दोघे तर कबरेपर्यंत धावत येऊन, आत डोकावून घरी परत गेले होते. पुनरुत्थानाची बातमी जगात पहिल्यांदा ज्या आवाजात उच्चारली गेली तो बाईचा आवाज होता. ज्या समाजात न्यायासनासमोर बाईच्या साक्षीला किंमत नव्हती, तिथे प्रभूने आपल्या सर्वांत मोठ्या घटनेची साक्ष बाईच्या हाती दिली. संत लूक प्रांजळपणे लिहितो की प्रेषितांना ते बायकांचे बरळणे वाटले. आजच्या रविवारी आपण थोमाला अविश्वासू म्हणून नावे ठेवतो. पण थोमाने दहा जणांवर विश्वास ठेवला नाही त्याच्या आधी त्या मंडळींनी बायकांवर ठेवला नव्हता. त्यांचा मात्र असा रविवार कोणी पाळत नाही!

मग रोममधल्या त्या सोमवारी नेमके काय झाले? चित्रात मग्दालीया होती. पुस्तिकेत मग्दालीया होती. संगीतातही होती. फक्त जिच्यासाठी हे सगळे, तो आवाज बाहेर ठेवला गेला.

ह्यातला एक चमत्कारिक भाग पुढचा आहे. मग्दालीयेला हँडेलने एक आनंदाचे गीत दिले होते, अजून न कळलेल्या बातमीची हृदयात चाहूल लागते तसे हलके, नाचरे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याने व्हेनिसमध्ये 'अग्रिप्पिना' नावाचा ऑपेरा केला, त्यात हेच गीत वापरले आणि ते गायला दिले ते दुरास्तांतीलाच. ऑपेरा तुफान गाजला. पवित्र नाट्यात जे तिला गाऊ दिले नाही ते रंगभूमीवर तिने गायले. आपण ज्यांना आत घेत नाही ते लोक आपले सूर घेऊन बाहेर जातात. त्यांना दोष देताना दार कोणी लावले होते ते आठवावे.

ह्या बाबतीत ख्रिस्तसभा फार सावकाश चालत आली आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणादिवशी, पोप दहावे पायस ह्यांनी चर्चमधल्या संगीतावर आदेशपत्र काढले. ते पुष्कळ बाबतींत उत्तम आहे. चर्चमध्ये नाटकी संगीत नको, उपासनेसाठी संगीत आहे, संगीतासाठी उपासना नाही, हे त्यातले म्हणणे आजही आपल्या कीबोर्डवाल्यांनी ऐकण्यासारखे आहे. पण गायनमंडळात स्त्रियांना घेऊ नये, उंच आवाज हवा तर मुलगे घ्यावेत, असेही त्यात होते. आणि संत सिसिलिया, जिच्या सणाला हे लिहिले, ती संगीताची आश्रयदाती संत, ती स्त्री. १९५५ साली पोप बारावे पायस ह्यांनी अटी घालून दार किलकिले केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६७ सालच्या पवित्र संगीताविषयीच्या सूचनापत्राने स्त्री-पुरुषांचे मिश्र गायनमंडळ सरळ मान्य केले. आज आपल्या गायनमंडळात निम्म्याहून अधिक भगिनी आहेत. त्यांच्यातल्या वयस्क आजींना त्यांच्या लहानपणीचे दिवस विचारून पाहा.

मग्दालीयेच्या नावाचेही असेच झाले. संत लूक सांगतो की प्रभूने तिच्यातून सात भुते काढली. ती पापी स्त्री होती असे कुठल्याही शुभवर्तमानात नाही. सन ५९१ च्या सुमारास पोप महान संत ग्रेगरी ह्यांनी एका प्रवचनात तिन्ही बायका एक केल्या: मग्दालीया, बेथानीची मरिया आणि लूकच्या सातव्या अध्यायातली, प्रभूचे पाय आसवांनी धुणारी अनाम पापी स्त्री. तेव्हापासून जवळजवळ चौदाशे वर्षे चित्रकारांनी तिला केस मोकळे सोडून रडणारी वेश्या म्हणून रंगवले. १९६९ साली उपासनेची दिनदर्शिका सुधारली तेव्हा हा गोंधळ दूर झाला. आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी तिचा २२ जुलैचा स्मरणदिन प्रेषितांप्रमाणे सणाच्या दर्जाला नेला. संत थॉमस अक्वायनस तिला प्रेषितांची प्रेषित म्हणत असे. त्या नावाला मान मिळायला २०१६ उजाडावे लागले. एका प्रवचनाने लागलेला डाग पुसायला चौदा शतके लागली. आम्हां प्रवचन करणाऱ्यांनी हा आकडा उशाशी ठेवावा.

आता डब्लिनला येऊ.

१७४१ च्या उन्हाळ्याच्या अखेरीला हँडेलने 'मसाया' चोवीस दिवसांत लिहून पुरे केले. शब्द सगळे पवित्र पुस्तकातले, निवड चार्ल्स जेनेन्स ह्या सद्गृहस्थाची. मग तो आयर्लंडला गेला. प्रयोग चर्चमध्ये नव्हता, फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या संगीतगृहात होता. समूहगानासाठी शहराच्या दोन अँग्लिकन कॅथीड्रलमधले गायक हवे होते. त्यातल्या एकाचे डीन जोनाथन स्विफ्ट, हो, 'गलिव्हर'वाले स्विफ्ट. ते म्हातारपणी फारच तिरसट झाले होते. आपल्या गायकांनी त्या गल्लीतल्या फिडलवाल्यांत जाऊन गायचे नाही असा त्यांनी हुकूम काढला होता. कसे तरी ते वळले. जागा सहाशेंची, आले सातशे. वर्तमानपत्रातून आधीच विनंती केली होती की बायकांनी फुगीर घागऱ्यांच्या कड्या घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, म्हणजे आणखी शंभर माणसे मावतील. आपल्याकडे ईस्टरच्या मिस्साला मोटारसायकली रस्त्यापलीकडे लावा म्हणून आम्ही जी विनवणी करतो तिची आठवण झाली.

ह्या प्रयोगात एक गायिका होती, सुझाना सिबर. ती नाटकातली नटी, तिची आई कॅथलिक. तिचा नवरा थिओफिलस हाही नट. त्याने तिची कमाई उडवली, कर्ज केले, आणि मग स्लोपर नावाच्या एका धनवान माणसाला स्वतःच घरी आणून त्याच्याकडून पैसे घेतले. पुढे ती त्या माणसाबरोबर निघून गेली तेव्हा ह्याच नवऱ्याने १७३८ साली त्याच्यावर फिर्याद लावून पाच हजार पौंडांची भरपाई मागितली. कपाटात लपून त्या दोघांना पाहणारा साक्षीदार कोर्टात आला. त्याची साक्ष छापून पुस्तिका निघाल्या आणि लंडनभर खपल्या. पंचांनी नवऱ्याला दहा पौंड दिले, म्हणजे त्याची लायकी त्यांना कळली होती. पण बाईची अब्रू गेली ती गेली. ती रंगमंचावरून दिसेनाशी झाली. काही वर्षांनी डब्लिनमध्ये पुन्हा उभी राहिली.

हँडेलने तिच्या वाट्याला दिले ते यशया संदेष्ट्याच्या ५३ व्या अध्यायातले गीत. ज्याला लोकांनी तुच्छ मानले आणि टाकले, ज्याच्यावरून माणसे तोंड फिरवतात, त्या दुःखी सेवकाचे गीत. संगीत अगदी संथ आहे. गायिका दोन शब्द म्हणते आणि थांबते. व्हायोलिने तेवढेच उसासे टाकतात आणि थांबतात. काही जागी तर तिला कोणाचीच साथ नाही, ती एकटी. सिबरचा आवाज काही मोठा नव्हता. इतिहासकार बर्नी लिहितो की तो नुसता धागा होता. पण ज्या बाईवरून साऱ्या लंडनने तोंड फिरवले होते ती तिथे उभी राहून, सातशे लोकांसमोर, टाकलेल्या प्रभूविषयी गात होती. तिला अभिनय करावा लागला नसेल.

श्रोत्यांत डॉ. डिलेनी नावाचे अँग्लिकन धर्मगुरू होते. त्यांची पत्नी काही महिन्यांपूर्वीच वारली होती. असे सांगतात की ते गीत संपताच ते भारावून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले की बाई, ह्या गाण्यासाठी तुझ्या सर्व पापांची क्षमा होवो.

किती सुंदर प्रसंग! संगीतावरच्या अनेक पुस्तकांत तो येतो. पण आम्हांला त्यातले 'ह्या गाण्यासाठी' हे शब्द खटकतात. डिलेनींच्या मनात लूकचा तोच सातवा अध्याय असणार. तिथे प्रभू शिमोन परुश्याला दोन ऋणकोंचा दाखला सांगतो. एकाचे देणे पाचशे दिनार, दुसऱ्याचे पन्नास, आणि फेडायला दोघांकडे काही नाही, म्हणून सावकाराने दोघांना सोडले. नंतर प्रेम कोण अधिक करील? म्हणजे क्षमा आधी आणि प्रेम तिच्या पाठोपाठ. सेमिनरीत न्यायशास्त्राच्या तासाला धूर आणि अग्नीचे उदाहरण असे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे हे आपल्याला कळते. पण धुराने आग लावलेली नसते. त्या स्त्रीची आसवे हा धूर. क्षमेची आग आत आधीच पेटलेली होती. चांगले गायलीस म्हणून क्षमा, चांगली रडलीस म्हणून क्षमा, असा प्रभूचा दरच नाही. तसा असता तर बेसूर लोकांचे काय झाले असते?

शिवाय डिलेनी हिला क्षमा देऊन मोकळे झाले. नवऱ्याची आठवण त्यांना झाली का? कपाटातल्या साक्षीदाराची? ती पुस्तिका विकत घेणाऱ्यांची? त्या सातशेंत तेही कोणी असतील. तिचे सर्व वागणे बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. विवाहाच्या पवित्र बंधनाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आपल्याला ठाऊक आहे आणि ती आम्ही पातळ करणार नाही. पण एका घरातले पाप तीन-चार जण मिळून करतात आणि गावात फिरते ते मात्र एकटीचे नाव.

आणि ह्याच संध्याकाळचा दुसरा भाग संगीताच्या पुस्तकांत थोडक्यात उरकतात. प्रयोगाचे उत्पन्न सुमारे चारशे पौंड झाले. ते तीन ठिकाणी सारखे वाटले: दोन रुग्णालये, आणि तिसरा वाटा कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी. त्या काळी कर्ज फेडले नाही की माणसाला कोंडून ठेवत. कोंडलेला माणूस कमावणार कसा? कमावले नाही तर फेडणार कसा? वर तुरुंगातल्या राहण्याचा खर्चही त्याच्याच डोक्यावर चढत जाई. दोन-चार पौंडांसाठी माणसे वर्षानुवर्षे सडत. 'मसाया'च्या पैशांतून असे १४२ कैदी सुटले असे सांगतात.

प्रभूने शिमोनाला सांगितलेला दाखला ऋणकोंचाच होता हे आठवा. रोमच्या महालात चाळीस वादकांनी अधोलोकाची दारे वाजवून उघडली होती, आणि दुसऱ्या दिवशी एका बाईला दार लावले. डब्लिनमध्ये लोखंडाची खरीखुरी दारे उघडली. बदनाम झालेल्या एका बाईच्या बारीक आवाजाचा त्यात वाटा होता.

हँडेल १४ एप्रिल १७५९ रोजी वारला. तो पवित्र शनिवार होता. डोळे गेले होते, तरी आठ दिवसांपूर्वी तो 'मसाया'च्या प्रयोगाला हजर होता. लंडनमधल्या टाकलेल्या मुलांच्या आश्रमासाठी तो १७५० पासून ह्या कृतीचे प्रयोग करीत आला होता आणि मृत्युपत्रात तिच्या संगीताची एक प्रत त्याने त्या आश्रमाला ठेवली. वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या त्याच्या पुतळ्याच्या हाती जे पान कोरले आहे ते 'मसाया'च्या तिसऱ्या भागाच्या आरंभीचे. माझा उद्धारक जिवंत आहे हे ईयोबाचे बोल त्या गीतात आहेत, आणि हँडेलने ते सोप्रानोसाठी, स्त्रीच्या उंच आवाजासाठी, लिहिले आहे.

पूर्वी एका धर्मग्रामात सेवेला असताना आमच्या गायनमंडळातून एका भगिनीने अंग काढून घेतले. ते गाव इथून दूर आहे, कोणी शोधायला जाऊ नये. आवाज चांगला होता. नवऱ्यापासून ती वेगळी राहत होती. का, ते तिला आणि देवाला ठाऊक. आम्ही विचारायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "फादर, मी स्तोत्र गायला उभी राहिले की लोक माझा आवाज ऐकत नाहीत, माझ्या बोटात अंगठी आहे का ते बघतात." त्या गावात पुस्तिका छापल्या गेल्या नव्हत्या. बाजाराची वाट, विहीर आणि मिस्सानंतरचे चर्चचे आवार एवढ्यांवर भागले होते. आता हातातल्या मोबाईलवर त्याहून लवकर भागते.

आपल्या धर्मग्रामात असे कोणी आहे का हे आम्ही इथे विचारत नाही. तसे विचारले की लगेच डोळे मागच्या बाकांकडे वळतील, आणि तेच नको आहे.

पेंटेकॉस्टच्या गीतांचा सराव येत्या मंगळवारपासून संध्याकाळी साडेसात वाजता रोझरीनंतर सुरू होईल. पुरुषांत खालच्या पट्टीचे दोनच आवाज उरले आहेत, तेव्हा तरुणांनी मनावर घ्यावे. भगिनींच्या बाकावरही जागा आहेत. कोणी बाळंतपणामुळे थांबले, कोणी नोकरीच्या वेळांमुळे, कोणी आजारपणाने, कोणी आणखी कशाने. गायनमंडळातल्या दोघी-दोघींनी ह्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन यावे. फोनवरून निरोप नको. यायचे का थांबवले हे विचारू नये. यंदाची गीते कोणती आहेत आणि सराव किती वाजता आहे, एवढेच सांगावे.

प्रभूच्या सेवेत आपले,
धर्मगुरू